पैनगंगा दोनदा ओलांडायची

खिशातली नाणी आधी मोजून घ्या. निजामाचे हाली रुपये एका गाठीत बांधा, इंग्रजांचे कलदार दुसऱ्या गाठीत. समोरची नदी ओलांडली की हाली रुपयाला कुणी विचारत नाही, पलीकडे इंग्रजी अमलातलं वऱ्हाड आहे. चार दिवसांनी हीच नदी पुन्हा आडवी येईल, ती ओलांडून परत मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, उतरायचं आणि बट्ट्याचा हिशेब उलटा करायचा. सहा कलदारांचे सात हाली, एवढं पाठ असू द्या. पोरांना सांगून ठेवलंत तर ती तुमच्या आधी हिशेब करतील.

साल १९३७, मार्गशीर्षातली दशमी. हदगाव मागं टाकून दोन सवारी गाड्या मार्लेगावच्या उताराला थांबल्या आहेत. निघालोय माहूरला, दत्तजयंतीला. पौर्णिमेच्या आत पोचायचं, म्हणजे चार मुक्काम. जत्था मुद्दाम लहान ठेवलाय: सगळी मिळून तेरा माणसं, त्यात सहा पोरं, वर चार बैल, आणि एक कुत्रं जे कुणीच आणलेलं नाही. मोठ्या जत्थ्यात पोरं हरवतात आणि म्हातारी माणसं रुसतात, असं गाडीवान आबांचं म्हणणं.

तुम्ही मात्र फार लांबून आलाय. लातूरहून, तेही जवळजवळ नव्वद वर्षं मागं. पायातले बूट काढून गाडीत टाका, उताराच्या दगडांवर शेवाळ आहे. मोबाईल असू द्या कमरेला. चालणार नाहीच, पण काळी काच आहे, पोरी आरसा म्हणून बघतील.

"पाहुणे, कोण्या गावचे?" आबा बैलांची वेसण सैल करता करता विचारतात.

"लातूरचे."

"लातूर मंजी उस्मानाबाद जिल्हा. लईच लांबून आलाव की."

दुरुस्त करायला जाऊ नका. लातूर जिल्हा व्हायला अजून पंचेचाळीस वर्षं आहेत. सध्या ते बाजाराचं गाव आहे, आणि १९११ पासून तिथवर बार्शी लाईटची अडीच फुटी रुळांवरची गाडी येते, एवढी त्याची ख्याती आबांपर्यंत पोचली आहे.

नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई गाठोडी सोडायला लावतो. "गठड़ी में क्या है?" तुमच्या गाठोड्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याचा खार. तो धपाट्याचा वास घेतो, एक उचलतो आणि गाठोडं बांधायला सांगतो. त्याच्यामागे भिंतीवर उर्दूत काहीतरी फलक आहे. तुमच्या मुलाला वाचता येत नाही, आबांच्या नातवाला येतं, कारण शाळेत तो उर्दूच शिकतो आणि घरी मराठी बोलतो. निजामाच्या राज्यात आज सभा घ्यायची म्हटली तर 'गश्ती निशाण ५३' नावाचं फर्मान आडवं येतं, आधी परवानगी काढावी लागते. देवाला निघालेल्या गाडीला मात्र कुणी हरकत घेत नाही. आपली माणसं देवाला एवढी का जातात, याचं सगळं उत्तर भक्तीत सापडत नाही. घरातून बाहेर पडायचं, चार रात्री उघड्यावर झोपायचं, पोरांना नदी दाखवायची, तर त्याला देवाचं निमित्त लागतं. सहल हा शब्द या गाडीत कुणाला माहीत नाही. सहल मात्र चाललीच आहे.

आता उतरा पाण्यात. बायकांनी हातात हात धरायचे, लहान पोरं गाडीत, आठ-नऊ वर्षांच्या वरची चालत. मार्गशीर्षातलं पाणी नडगीला कापतं. मधोमध ते चाकाच्या कण्याला लागतं, गाडीखाली लटकवलेला वंगणाचा नळा पाण्यात बुडून वर येतो आणि मागं तेलाची रंगीत रेघ सोडतो. बैल मध्येच थांबून पाणी पितात. हाकू नका. आबा हाकत नाहीत. बैल पिऊन होईपर्यंत तेरा माणसं दोन राज्यांच्या मध्ये, गुडघाभर पाण्यात उभी राहतात.

एक गंमत सांगून ठेवतो. कागदावर दोन्ही काठ निजामाचेच आहेत. वऱ्हाड १८५३ मध्ये त्यानं इंग्रजांकडे सोपवलं आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर दिलं. मालकी त्याची, कारभार त्यांचा. गेल्याच वर्षी निजामाच्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली आहे. तरीही नाका आहे, नाणं वेगळं आहे.

पलीकडे रान पांढरं झालंय. कपाशी फुटली आहे आणि उमरखेडच्या बाजूनं कापसाच्या गाड्या एकामागं एक येतायत, वाटेवरच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेत. पोरं ते गोळा करतात, संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची एकेक उशी होते. गाडीत बसून राहायचं नाही, हा आबांचा नियम. गाडी म्हाताऱ्यांची आणि भांड्यांची. बाकीच्यांनी चालायचं, आणि दमल्यावर साट्याला धरून लोंबकळायचं. तुमचा मुलगा पहिल्या तासात तीनदा "अजून किती लांब?" विचारतो. दुसऱ्या तासात एकदा. तिसऱ्या तासात तो दिसत नाही. आबांच्या नातवाबरोबर वाटेकडेच्या बांधावर बसून तुरीच्या शेंगा सोलत असतो.

दुसऱ्या मुक्कामाला एका शेतकऱ्याच्या बांधावर गाड्या सोडा. शेतमालक विचारतो, कुठले, कुठं चालले, आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत हिरव्या तुरीचं ओझं आणून टाकतो. मातीच्या मडक्यात शेंगा भरायच्या, मूठभर मीठ, वर पाण्याचा शिपका, तोंड तुरीच्याच पाल्यानं बंद. खाली पऱ्हाट्यांचा जाळ. शेंगा शिजल्याचं वासावरून कळतं, मडक्याच्या तोंडाचा पाला काळवंडतो आणि खारट वाफ येते. मडकं घोंगडीवर पालथं करा. बोटं भाजतात, तरी थांबवत नाही. (तुरीचं म्हणाल तर तुमच्या निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. इथं सांगून उपयोग नाही. वऱ्हाडातल्या माणसापुढे दुसऱ्याच्या तुरीचं कौतुक करू नये.)

तुमची मुलगी तोंड भरलेलं असताना म्हणते, "हे तर येळवशीसारखं झालं."

आबांच्या घरच्या बायकांना येळवस नीट माहीत नाही. तो सण लातूर, उस्मानाबाद आणि खाली बिदर-गुलबर्ग्याकडचा. सांगा त्यांना. वेळा अमावास्येला गाव रिकामं होतं आणि सगळी माणसं शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत पाच दगडांना चुन्यानं रंगवून पाच पांडव मांडतात. सगळ्या शेंगभाज्यांची बेसन घालून भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, आणि ताकातलं आंबील, जे डोक्यावरच्या मडक्यातून घोंगडी पांघरून शेतात आणायचं. वाटेनं जाणारा अनोळखी माणूस जेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचा नाही. संध्याकाळी गवताचा पेटता हेंडगा घेऊन पोरांनी शेताभोवती पळायचं.

"कवा असती ही?" म्हातारी विचारते.

"मार्गशीर्षातली अवस."

ती बोटांवर मोजते. "मंजी आजपासून अठरा दिसांनी. दत्त करून गेलाव तर सापडते की तुम्हाला."

खरंय. दत्तजयंती झाली की बरोबर पंधरा दिवसांनी येळवस. आमच्याकडचे लोक उघड्यावर जेवायचे सण हिवाळ्यात धरतात, जेव्हा शेतात खायला असतं आणि डोक्यावर पाऊस नसतो. ज्यानं हे पंचांग बसवलं त्याला सुट्टी कशाला म्हणतात ते कळत होतं. शहरातली माणसं मुलांना मे महिन्यात डोंगरात नेतात आणि मग उन्हाला शिव्या देतात.

तिसऱ्या दिवसापासून रान बदलतं. कपाशी संपते, साग सुरू होतो. मोठमोठी पानं वाळून वाटेवर पडलेली, त्यांवरून बैल चालले की पापड मोडल्यासारखा आवाज. बंजाऱ्यांचा तांडा लागतो. तिथल्या एका बाईच्या दंडावरच्या हस्तिदंती बांगड्या तुमची मुलगी मोजायला लागते आणि ती बाई हात पुढं करून उभी राहते, मोजून होईपर्यंत. पुढच्या वस्तीत गोंडांची घरं. तिथला दहाएक वर्षांचा पोरगा आपणहून गाडीबरोबर चालू लागतो. त्याची मराठी तुमच्यापेक्षा वेगळी आहे, पण दाखवण्यासारखं त्याच्याकडे बरंच असतं. मोहाच्या बुंध्यावर चार उभे ओरखडे: अस्वल. वाटेत पडलेला काळा-पांढरा काटा: साळिंदर. तो काटा तुमच्या मुलाच्या हातात देतो आणि बदल्यात काही मागत नाही. मुलगा खिसे चाचपतो. त्याच्याकडे देण्यासारखं काय आहे? चॉकलेटचा चकाकणारा कागद. तोच देतो. सौदा दोघांनाही पसंत पडतो.

(या डोंगरांच्या पलीकडे, आदिलाबादच्या अंगाला राहणाऱ्या राजगोंडांमध्ये चारेक वर्षांनी ख्रिस्तोफ फ्युरर-हाइमेनडॉर्फ नावाचा मानववंशशास्त्रज्ञ राहायला येईल आणि मोठमोठे ग्रंथ लिहील. पहिला धडा मात्र तुमच्या पोरांनी साळिंदराच्या काट्यावर घेतला.)

चौथी रात्र जंगलात. गाड्या समोरासमोर लावा, बैल मध्ये, बाहेर दोन बाजूंना धुनी. वाघाचं नाव घ्यायचं नाही. म्हातारी त्याला 'मोठा' म्हणते. एक गोंधळी कुटुंबही मुक्कामाला आलंय, रेणुकेच्या दारी चाललेलं. संबळावर पहिली थाप पडते. संबळ दोन तोंडांचं, एक जाड, एक बारीक. जाड तोंडावरच्या काठीचा ठोका आधी छातीत ऐकू येतो, मग कानात. तुणतुण्याची एकच तार. पोरं वाकळीतून डोकी बाहेर काढतात. चतुर्दशीचा चंद्र सागाच्या पानांतून खाली येतो आणि तुमच्या लक्षात येतं की गेल्या चार दिवसांत मुलांनी एकदाही कंटाळा आल्याचं सांगितलेलं नाही. कंटाळा येत नव्हता असं नाही. सांगून उपयोग नव्हता.

पहाटे धनोड्याजवळ पैनगंगा दुसऱ्यांदा. पाणी इथं रुंद, पण उथळ. नदी माहूरच्या डोंगराला वळसा घालून जाते. धुक्यातून तीन शिखरं वर येतात: रेणुका, दत्त आणि अनसूया. देवी, मुलगा आणि त्याची आई, असं पोरांना सांगा, लक्षात राहतं. कलदारांची गाठ सोडा, हाली काढा. आणि ध्यानात घ्या, उतरलात ते नांदेड जिल्ह्यात नाही. किनवट तालुका, आणि त्यातलं माहूर, सध्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे. चार दिवसांत दोन राज्यं आणि तीन जिल्हे झाले.

पायऱ्या चढायला लागलात की मुलं मोजतील. वर पोचल्यावर तुमच्या मुलाचा आकडा वेगळा, मुलीचा वेगळा, आबांच्या नातवाचा तिसराच. भांडू द्या. खाली येताना परत मोजतील आणि तेव्हाही जुळणार नाही.

गाभाऱ्यात देवीचं फक्त मुख आहे, शेंदूर माखलेलं, भलं मोठं. हात नाहीत, पाय नाहीत. साडेतीन पीठांतलं हे एक पूर्ण पीठ, आणि मूर्ती मात्र एवढीच. कारण विचारा, कुणीही सांगेल. परशुराम आईच्या विरहानं आक्रंदत होता, तेव्हा आकाशवाणी झाली की तुझी आई भूमीतून वर येईल, मागं वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही, त्यानं पाहिलं, आणि तोवर मुखच वर आलं होतं.

"थोडं थांबला असता तर?" तुमची मुलगी विचारते.

पुजारी हसतो. हा प्रश्न त्याला प्रत्येक पिढीतल्या एका पोरीनं विचारलाय.

बाहेर तांबूल कुटायला बसलेत. हे जवळ बसून बघा, दर्शनाइतकंच महत्त्वाचं आहे. माहूरच्या देवीला कुटलेला विडा चालतो, तोच प्रसाद. खलात पानं फाडून टाकतात, कात, चुना, सुपारी, बडीशेप, वेलदोडा, आणि बत्ता चालू होतो. आधी ओला, चपचप आवाज. मग पानं लगदा झाली की घट्ट, बसका. सुपारीचा तुकडा आला की मध्येच टणक ठोका. दहा-बारा खल एकदम चालले की सगळी ओळ वाजायला लागते. हातात येतो तो हिरवट-लाल गोळा, अजून बत्त्याच्या घर्षणानं कोमट. दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि दात पडलेल्या पोरांसाठी याहून सोयीचा विडा नाही. तुमच्या मुलाचे ओठ लाल होतात आणि तो तासभर मोबाईलच्या काळ्या काचेत बघत बसतो.

आता किल्ल्याकडे चला. आबा येणार नाहीत, त्यांना बैलांना वैरण बघायची आहे. इथून पुढं मीच वाट दाखवतो, कारण हत्ती दरवाजापाशी वाट आणखी मागं जाते.

१६२३. चिखल. दरवाजातून खरोखरच हत्ती येतायत, भुकेले, पाठीवरचं कातडं भिजून काळं पडलेलं. मागं तंबू, पेटारे, पालख्या. शहाजादा खुर्रमनं बाप जहांगीरविरुद्ध बंड केलंय, ते फसलंय, आणि बापाचा सरदार महाबतखान पाठीवर आहे. तापी ओलांडून खुर्रम इथवर आलाय. हाच पुढं शहाजहान. हत्ती आणि जड सामान माहूरच्या राजे उदारामाच्या हवाली करून त्याला गोवळकोंड्याच्या वाटेनं ओरिसाकडे निघायचंय. पालखीचा पडदा बाजूला होतो. आत एक बाई आहे, जिच्यासाठी आग्र्यात पुढं संगमरवराचा डोंगर उभा राहील, आणि तिच्याभोवती पोरं. त्यातलं एक पाच वर्षांच्या आतबाहेरचं. त्याचं नाव औरंगजेब.

तुमची पोरं त्याच्याकडे बघतात, तो तुमच्या पोरांकडे. बोलायला जाऊ नका. हीसुद्धा कुटुंबासह डोंगरातली भटकंतीच आहे, पण हिला निमित्त देवाचं नाही, पाठलागाचं आहे. तीन वर्षांनी बाप शरण जाईल तेव्हा या मुलाला आणि त्याच्या थोरल्या भावाला, दाराला, आजोबांकडे ओलीस पाठवलं जाईल. उदारामाच्या घराण्यातलीच रायबागन पुढं मोगलांच्या बाजूनं घोड्यावर बसेल आणि १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडेल. खानाला शरण जाण्याचा शहाणा सल्ला देणारी तीच. माहूरच्या मुलांना हिची गोष्ट शाळेत सांगायला हवी, ती कोणत्या बाजूनं लढली याचा संकोच न करता.

इथं फार वेळ थांबू नका. हत्तींना रात्री चारा लागतो आणि तो आसपासच्या गावांच्या शेतातून येतो.

खाली उतरा, पांडवलेण्याकडे. वाट मागं, आणखी मागं. राष्ट्रकूटांचा काळ, हजार-बाराशे वर्षं. नांदेड जिल्ह्यातलं कंधार तेव्हा त्यांचं मोठं नगर आहे, तिथं जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. इथं मात्र तलाव नाही, राजा नाही. काळा खडक आणि टाकीचा आवाज. बत्त्याच्या आवाजाशी ताडून बघायला सांगा मुलांना. तो ओला होता, हा कोरडा. टण्, आणि लगेच खपल्या पडल्याचा चुरचुर. कारागीर छताशी काम करतोय, कारण लेणं वरून खाली कोरतात. आधी छत, मग खांबाचं डोकं, मग खांब, सगळ्यात शेवटी जमीन. त्यामुळे आता तो उभा आहे तो न काढलेल्या दगडावर, आणि जसजसं काम होईल तसतसा तो खाली उतरत जाईल. चूक झाली तर जोडता येत नाही. तुमचा मुलगा, ज्याच्या वहीत खोडरबरानं भोकं पडलेली असतात, ते ऐकून गप्प होतो.

मुलीनं खपलीला हात लावला तर लावू द्या. ताज्या फुटलेल्या बेसॉल्टची धार काचेसारखी असते, मात्र सांभाळून.

लातूरकडच्यांना असली लेणी बघायला इतकं लांब यायला नको, औसा तालुक्यात खरोशाला सहाव्या शतकातली आहेत. तिथली शिल्पं पार झिजलीत, तरी येळवशीच्या आसपास सकाळी लवकर गेलात तर टेकडीवर तुम्ही आणि वारा, एवढंच असतं. मी सांगितलेलं कुणाला सांगू नका.

परतीची वाट वेगात आहे, गाडीचं चाक धरून राहा. १९३७ च्या बाजूनं जाताना आबांना हात करा. दहा वर्षांनी उमरखेडला, त्याच कापसाच्या मुलखात, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या तरुणांचं शिबिर असेल. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक फोडली जाईल. आणि तुमच्या धपाट्याचा घास घेणारा नाक्यावरचा शिपाई रात्री कंदील विझवून बसेल. १७ सप्टेंबर १९४८ नंतर नाका नुसतं घर उरेल. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी उठाल तर माहूर आदिलाबादेतून नांदेडात आलेलं असेल. किनवटबरोबर राजुराही आलं होतं, ते १९५९ मध्ये चांद्याला गेलं. डोंगर आपल्या जागीच होते, पत्ता तेवढा बदलला.

आणि आता आजचं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, सीताफळाच्या पाट्या घेऊन बायका घाटात बसलेल्या. तुमचं कुटुंब आणि आणखी दोन कुटुंबं, दोन मोटारी, अकरा माणसं. हा आकडा बरा आहे. पन्नास माणसांची बस माहूर तीन तासांत उरकते: दर्शन, तांबूल, फोटो, पुढचं ठिकाण. तसं जायचं तर जा, देवी रागवत नाही. पण लहान जत्था घेऊन दोन दिवस राहिलात तर पहाटे दत्तशिखर, उन्हाच्या आत किल्ला, दुपारी झोप आणि उतरत्या उन्हात लेणी, असं पोरांच्या पायांना झेपेल तसं जमवता येतं. एकदा मी एप्रिलमध्ये, भर दुपारी, पाच पोरं आणि पाण्याची एकच बाटली घेऊन लेण्यांकडे निघालो होतो. लेणी जवळच होती, पण आम्ही ती शोधून काढेपर्यंत पाणी संपलं होतं आणि पोरांचा माझ्यावरचा विश्वासही. माणशी दोन लिटर, आणि निघायच्या आधी गावात वाट विचारा.

शेख फरीदच्या वझऱ्याला जायचं तर पावसाळा संपता संपता, तेव्हा धबधबा अंगात असतो. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड त्याहून मोठा. पैनगंगा तिथं काळ्या खडकाच्या अंगावरून धारा धारा होऊन पडते. पोरांना तिथं नदीपात्रात उतरू देऊ नका. खडक गुळगुळीत आहे आणि कुंडाचा तळ दिसत नाही. लांबून बघितला तरी अंगावर तुषार येतात, तेवढी मजा पुरे. मोटारीत बसून राहायचं नाही, हा आबांचा नियम इथंही चालवा.

रात्री मुक्कामाच्या गच्चीवर तुमचा मुलगा खिशातून काहीतरी काढून उशाशी ठेवतो. काळा-पांढरा काटा. कुठून आला हे तुम्ही विचारत नाही.

परतताना धनोड्याचा पूल लागतो, मग महागाव, उमरखेड, आणि मार्लेगावचा पूल. माहूर नांदेड जिल्ह्यात आहे, तरी या सरळ वाटेनं नांदेडला यायचं तर आजही यवतमाळ जिल्ह्यातून यावं लागतं आणि पैनगंगा दोनदा ओलांडावी लागते. नाका मात्र कुठंच लागत नाही.